तिसरं तावदान

एका आठवड्यात दोन तावदानं फुटली, आणि दोन्ही वहिनीच्या हातून. आता तिसरं आणि शेवटचं कापायच्या टेबलावर आडवं पडलं होतं आणि त्याच्याभोवती सगळं घर हात मागे बांधून उभं होतं. आजारी माणसाच्या खाटेभोवती नातेवाईक उभे राहतात तसं. फरक एवढाच, की इथे प्रत्येकाला आजार कुठला ते माहीत असल्याची खात्री होती.

रविवार होता. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, आणि त्याखालून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत होते. कोपऱ्यावरच्या पाववाल्याच्या दुकानाची दर्शनी काच होती ती. तिच्या एका अंगाला गोलाई होती. पाववाल्याने चार दिवस फळ्या ठोकून धंदा केला होता आणि काल स्पष्ट बजावून गेला होता, की सोमवारी सकाळी काच लागली नाही तर तो पलीकडच्या पेठेत जाईल. एवढ्या जाडीची दुसरी काच महिनाभर तरी मिळणार नव्हती. म्हणून आप्पांनी सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. ताई तीन गल्ल्या ओलांडून सासरहून आली होती आणि येताना बाह्या दुमडूनच आली होती. तिथेच तिचा बेत कळला.

"मला हा नको," वहिनी म्हणाली आणि चिंधीत गुंडाळलेला हिरा तिने तावदानाच्या कोपऱ्याशी ठेवला. "आप्पा, तुमचा तुम्ही ठेवा. उद्यापासून मी वरच. खाली येणार नाही."

काच कापणाऱ्यांच्या घरात हिरा ठेवून देणं ही बोलून विसरण्याची गोष्ट नसते.

हा हिरा म्हणजे अंगठीतला नव्हे. पितळेचा दांडा, त्याच्या टोकाशी मोहरीएवढा खडा. आजोबांनी दुकान थाटलं ते त्याच्यावर, आणि काकांशी वाटण्या झाल्या तेव्हा आप्पांनी गाळ्याची अर्धी जागा सोडली पण हा सोडला नाही. असा हिरा एका हाताला लागतो. रोज त्याच कोनात, त्याच दाबाने ओढून त्याचं टोक त्या एका हातापुरतं झिजतं. दुसऱ्याने ओढला तर तो रेघ न मारता ओरखडा काढतो, आणि नंतर मूळ मालकाशीही नीट वागत नाही. म्हणून या घरात दुसऱ्याच्या ताटात हात घातलेला चाले, दुसऱ्याच्या हिऱ्याला हात लावलेला चालत नसे. मागच्या वर्षी आप्पांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी तो दादाला दिला नाही, धाकट्याला दिला नाही. थोरल्या सुनेचं मनगट धरून महिनोन् महिने तिला आपला कोन शिकवला, आणि एके दिवशी सगळ्यांसमोर तिच्या हातात ठेवून मोकळे झाले. मोकळे झाले असं निदान सगळ्यांना वाटलं.

"वर जाऊन काय करणार?" धाकट्याने विचारलं. तो कडा घासायच्या यंत्रापाशी स्टुलावर बसला होता. गंभीर प्रसंगी हा मुलगा नेहमी बसूनच असतो. "वर आमच्या हिचं राज्य आहे. तिथे तुला हिरा सोड, लाटणंसुद्धा मिळायचं नाही."

"तू गप्प बस," ताई म्हणाली.

"बसलोच आहे."

"ही म्हणते ते बरोबर आहे," दादा म्हणाला.

हे वाक्य त्याने इतक्या घाईने म्हटलं की त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती तावदानाकडेच बघत होती.

दादा वाईट माणूस नव्हता. हे सांगून ठेवायला हवं, कारण या प्रकरणात तसं वाटण्याची बरीच शक्यता आहे. घरोघरी जाऊन मापं घेणं, तावदानं बसवणं, सगळं बाहेरचं काम त्याचं. वीस वर्षं दुकानाच्या दारात तो उभा राहिला की गिऱ्हाईक त्याच्याशी बोलायचं. आता गिऱ्हाईक त्याच्या खांद्यावरून आत डोकवायचं आणि विचारायचं, "बाई आहेत का?" पहिल्यांदा त्याला हसू आलं होतं. वहिनी चहा द्यायला म्हणून खाली आली होती, धाकटं पोर शाळेत जायला लागल्यावर, आणि आप्पांच्या टेबलापाशी जी उभी राहिली ती राहिलीच. त्यालाच तिचं कौतुक वाटायचं. कौतुक नेमकं कुठल्या दिवशी नासलं ते त्याला सांगता आलं नसतं. मंगळवारी पहिलं तावदान तडकलं, तेव्हा तो शिडीवर होता. आवाज ऐकून त्याच्या छातीत आधी धस्स झालं, आणि त्याच्या पाठोपाठ बरं वाटलं. अगदी गार पाणी प्यायल्यासारखं बरं वाटलं. मग त्याला स्वतःची किळस आली, पण बरं वाटायचं ते वाटून गेलं होतं.

आणि त्याच्या आदल्या दुपारी त्याने जे केलं होतं ते फक्त त्यालाच माहीत होतं.

"बरोबर म्हणजे?" ताईने त्याच्याकडे मोर्चा वळवला. "तावदान कोण कापणार मग?"

"मी कापीन."

"तू? दादा, तू काच कापतोस की खरवडतोस? लहानपणी तुझ्या हातची काच तुटली की आई म्हणायची, हा रुसला काचेवर."

धाकटा हसला. दादाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"तुझा हात तरी कुठे राहिलाय?" तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून काय कापलंस? भाजी?"

"कोणी दिलं कापायला?"

आता ती आप्पांकडे बघत होती. सगळ्यांना माहीत होतं की हे कधीतरी निघणार, पण निघालं तेव्हा प्रत्येकजण दुसरीकडे बघू लागला.

"गोलाई माझ्यासारखी या घरात कोणी कापत नव्हतं," ताई म्हणाली. "हे मी म्हणत नाही, आप्पा, तुम्ही म्हणायचात. गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचात. चौदा-पंधरा वर्षांची होते. आणि मग काय म्हणालात? पोर परक्या घरी जायची, तिला हिरा कशाला. ठीक आहे. मी गिळलं. पण मग परक्या घरची पोर आली, तिला दिलात! म्हणजे मी जाणार म्हणून मला नाही आणि ती आली म्हणून तिला. यात माझं चुकलं काय ते तरी सांगा. जन्माला आले ते?"

आप्पा खुर्चीत बसले होते. उजव्या हाताने डावा हात धरला होता, म्हणजे दोन्ही कमी थरथरतात.

"तिचा हात हलका आहे," ते म्हणाले.

"आणि माझा?"

आप्पा काचेकडे बघू लागले.

"ताईचं म्हणणं चूक नाही," धाकटा म्हणाला. त्याला दादापेक्षा ताई केव्हाही चालायची, कारण ताई निदान संध्याकाळी आपल्या घरी जायची.

"हो, नाहीच चूक," दादा म्हणाला. क्षणापूर्वी त्याच बहिणीने त्याची अब्रू काढली होती, पण वहिनीविरुद्ध कोणी बोलत असेल तर त्याला आज सगळे भाऊबंद वाटत होते. "मीही हेच म्हणतोय. हे काम बाईमाणसाचं नाहीच मुळी, एवढ्या जाडीची काच..."

"थांब!" ताईचा आवाज चढला. "बाईमाणसाचं नाही? मग मी कोण? माझ्या बाजूने बोलतोयस का माझ्यावर बोलतोयस? वहिनी, ऐक याचं. वर्षभर हा तुझ्या हातच्या काचा लावत फिरतोय आणि म्हणे बाईमाणसाचं काम नाही."

"मी ऐकतेय," वहिनी म्हणाली.

खरं तर ती दुसरंच ऐकत होती. या घरातली भांडणं ऐकताना तिला नेहमी एक विचित्र गोष्ट व्हायची. तिला हेवा वाटायचा. ही तिघं एकमेकांना वाट्टेल ते बोलायची, आईच्या नावाने, लहानपणाच्या नावाने, आणि बोलता बोलता एकमेकांच्या ताटलीतलं उचलून खायची. तिच्याशी मात्र सगळे नीट बोलायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली पण तिच्यावर अजून कोणी खेकसलं नव्हतं. आई होत्या तेव्हा त्यांचा एक नियम होता: भांडणाऱ्या दोघांनी मिळून दुकानातलं सगळ्यात मोठं तावदान उचलायचं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत न्यायचं. एक पुढे, पाठमोरा चालत. दुसरा मागून सांगत: डावीकडे, जपून, पायरी. दादाच्या हनुवटीवर जी खूण आहे ती अशाच एका तावदानाची. ताईने त्या दिवशी "पायरी" म्हटलंच नव्हतं. ही गोष्ट घरात हसत हसत सांगितली जायची, आणि वहिनीला हसता हसता वाटायचं की आपल्याला कधी कोणी असं तावदान उचलायला लावलं नाही.

हिरा मिळाला तेव्हा तिला वाटलं होतं, झालो आता आपण घरचे. आणि या आठवड्यात दोन तावदानं तडकली. रेघ ओढतानाच आवाज बदललेला तिला कळला होता. नेहमीचा बारीक, रेशीम फाडल्यासारखा आवाज नव्हता, खरखर होती. पण आप्पांचं एक ठरलेलं वाक्य होतं, हिरा कधी चुकत नाही, हात चुकतो, आणि तिने ते मंत्रासारखं पाठ केलेलं होतं. तिने जास्त दाबून पाहिलं. तडा रेघ सोडून भलतीकडे पळाला.

"पुरे," आप्पा म्हणाले. "तोंडाने काच कापली जात नाही. तुकड्यांवर ओढून दाखवा. दोघंही. ज्याची रेघ चांगली तो हे कापेल. सूनबाई, पिंपातून चार तुकडे आण बरं."

दादाने मान झटकन वर केली. ताईचा हात दुमडलेल्या बाहीवर थांबला. धाकटा स्टुलावरून उठून उभा राहिला. हेच आश्चर्य होतं.

"मी आणतो ना," धाकटा म्हणाला.

"बस, मी आणते," वहिनी म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

तुकड्यांचं पिंप मागच्या दारापाशी होतं. भंगारवाला अजून फिरकला नव्हता, पिंप काठोकाठ भरलेलं होतं. वहिनीने हातमोजे घातले आणि वरचा तुकडा उचलून उजेडात धरला. त्याच्यावर रेघ होती. ती तिची नव्हती.

या घरात एकमेकांचं अक्षर ओळखायला चुकतील, पण रेघ ओळखायला चुकणार नाहीत. हा तुकडा पांढऱ्या भुकटीने भरलेला, दाबून दाबून ओढलेला: दादा. तिने दुसरा काढला. त्यावर एक सुरेख कमान होती, आणि कमानीच्या सुरुवातीला हुकासारखा छोटासा बाक, कारण ताई कडेपासून सुरू न करता नेहमी जरा आतून सुरू करते. तिसऱ्यावर मांजर होतं. दोन कान, मिश्या, शेपूट. ते कोणाचं हे विचारायची गरजच नव्हती.

वहिनी पिंपापाशी उभी राहिली. आधी तिला अंगभर राग आला. मग रागाखालून हळूच दुसरं काही वर आलं आणि तिला हसावंसं वाटलं. हात चुकला नव्हता! आठवडाभर तिने या हाताला काय काय म्हणून घेतलं होतं. माझा हात चुकला नव्हता, असं ती अगदी हलक्या आवाजात स्वतःशी म्हणाली.

मग तिने चौथा तुकडा काढला.

या तुकड्यावरची रेघ सरळ जायची म्हणून निघाली होती आणि मध्येच कापत, थरथरत, नागमोडी होत कडेपर्यंत पोचली होती. तिच्याखाली आणखी एक तशीच. त्याखाली आणखी एक. कोणीतरी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला होता.

वहिनीने तो तुकडा थोडा वेळ हातात धरला. मग तिने त्याला फडक्यात गुंडाळून आपल्या एप्रनच्या खिशात ठेवलं, बाकीचे तीन घेतले आणि बाहेर आली.

तिने ते एकेक करून टेबलावर मांडले.

पहिल्यांदा धाकटा बोलला. "मांजर माझं," तो म्हणाला. "चांगलं आलंय की नाही, खरं सांगा."

कोणी हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू उतरलं. "वहिनी, मागच्या रविवारी. तुम्ही सगळे लग्नाला गेला होतात. मला फक्त बघायचं होतं. म्हणजे... मला कोणी कधी विचारलंच नाही की तुला हवाय का. दादाला नाही दिला, यावर आख्ख्या घराने चर्चा केली. मला नाही दिला, हे कोणाच्या लक्षातही आलं नाही."

"कमान माझी," ताई म्हणाली. तिचा चढलेला आवाज कुठच्या कुठे गेला होता. "औषधं द्यायला आले होते त्या दिवशी. तू बाजारात होतीस. जमली बघ अजून." आणि एवढं सगळं होऊनही तिने त्या कमानीकडे जरा अभिमानानेच पाहिलं. तिचा स्वभावच तो.

राहिला दादा. तो नेहमीसारखा दाराशी उभा होता आणि आज त्याच्याकडे बघणारं सगळं गिऱ्हाईक आतच होतं.

"तुम्ही शेजारी झोपता माझ्या," वहिनी म्हणाली. "मागितला असता तर दिला असता मी."

"मागायचा? तुझ्याकडे?" दादाचा आवाज फाटला. "माझ्या आजोबांचा हिरा, माझ्या बापाचा हिरा, आणि मी बायकोकडे मागायचा, जरा ओढून बघू का म्हणून? लोक मला ओलांडून तुझ्याकडे येतात. मी दारातला खांब झालोय. मी जळतो तुझ्यावर, ऐकायचं होतं ना? घे. रोज जळतो. पहिलं तावदान फुटलं तेव्हा मला बरं वाटलं."

बोलून झाल्यावर तो स्वतःच घाबरला. वहिनीचं तोंड पांढरं पडलं होतं.

"बरं वाटलं?"

"हो."

"दुसरं फुटलं तेव्हा?"

"दुसऱ्याला तू रडलीस," तो म्हणाला. "तेव्हा नाही वाटलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्यावर खेकसला होता, आणि तिला त्याचं वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटलं नाही, हे ती नंतर कधीतरी त्याला सांगणार होती.

"म्हणजे हिरा दादाने बिघडवला," ताई म्हणाली. "एवढा दाब दिल्यावर टोक राहील कशाला?"

"आणि तुझ्या कमानीने काय त्याची मालिश झाली?" दादा उसळला. "मांजराच्या मिश्या काढताना टोक गेलं नसेल कशावरून?"

"मिश्या मी अगदी हलक्या हाताने..."

"आणखी एक असेल," आप्पा म्हणाले.

तिघंही थांबली.

"सूनबाई, आणखी एक तुकडा असेल पिंपात."

"नाही, आप्पा," वहिनी म्हणाली. "तीनच होते."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या एप्रनच्या खिशाकडे पाहिलं, जिथे फडक्याचं टोक बाहेर आलं होतं. त्यांनी थरथरता हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. एवढा वेळ तो हात हवेत थरथरत होता की शेवटी वहिनीला बघवेना. तिने तुकडा काढून त्यांच्या हातात न देता टेबलावर, बाकीच्या तिन्हींशेजारी ठेवला.

तुकडे आणा असं फर्मावताना त्यांना आपला तुकडा आठवला नव्हता की चांगलाच आठवला होता, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

"पहिला माझाच," आप्पा म्हणाले. "या सगळ्यांच्या आधीचा. तुला दिला त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. तू वर गेलीस की मी घ्यायचो. टोक कोणी घालवलं असेल तर मी. मागच्या आठवड्यात एकदा हातातून पडलाही." ते थांबले. "मी दिला खरा, पण मला सोडवला नाही. वाटलं होतं, सूनबाई बरी कापेल. बरी. माझ्यासारखी काही नाही. आणि मग तू कापायला लागलीस. मी इथे बसून आवाज ऐकायचो. असा आवाज माझ्या रेघेला कधी येत नव्हता."

ताई अगदी हळू म्हणाली, "आणि माझ्या?"

"तुझ्या रेघेला यायचा," आप्पा म्हणाले. ते तिच्याकडे बघू शकत नव्हते, तावदानाकडे बघून बोलत होते. "पंधराव्या वर्षी यायचा. तेव्हा माझे हात चांगले होते, गिऱ्हाईक माझं होतं, नाव माझं होतं. आणि पोरगी माझ्यापुढे जात होती. परक्या घरी जाणार म्हणून नाही दिला, हे सांगायला सोपं होतं. तेव्हा मला ते बघवलं नसतं, बाई. खरं एवढंच आहे."

बाहेरून कोणाची तरी सायकल गेली. ताईने दुमडलेल्या बाह्या हळूहळू खाली सोडल्या, मग पुन्हा दुमडल्या. तिला काय करावं ते कळत नव्हतं. इतकी वर्षं ज्या रागावर ती जगली होती त्याचं नावच कोणीतरी बदलून दिलं होतं, आणि नव्या नावाचा राग अजून तिच्या ओळखीचा नव्हता.

"काच तशीच आहे," शेवटी धाकटा म्हणाला. "पाववाला उद्या येणार आहे."

तेव्हा सगळ्यांना काच आठवली.

वहिनीने हिरा चिंधीतून काढला, उजेडात धरला आणि परत गुंडाळला. "हा आता कोणाच्याच हाताचा नाही," ती म्हणाली. "यांच्या नाही, ताईंच्या नाही, माझ्याही नाही. मीही दोनदा दाबून ओढलाय."

दादा भिंतीपाशी गेला. त्याने बसवायच्या कामाची पिशवी उघडली आणि आतून आपली लोखंडी चाकाची कटर काढली, साधी, कुठल्याही दुकानात मिळते ती. आप्पा तिला खेळणं म्हणायचे. चाकाने कापलेली काच म्हणजे दातांनी तोडलेला दोरा, असंही म्हणायचे. आज काही म्हणाले नाहीत.

"माझी आहे," दादाने ती बायकोपुढे धरली. "हात लावलास तरी चालेल."

वहिनीने घेतली. अंगठ्याने चाक फिरवून पाहिलं. मग ताईकडे वळली. "ताई, गोलाई आहे. तुम्ही काप... तू काप."

ताईने कटर हातात घेतली आणि तावदानापाशी गेली. सगळे बघत होते. तिने हात काचेवर ठेवला, कोन धरला, खांदा सैल सोडला. आणि मग तशीच उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "मला हे कापायचं नव्हतंच. मला कोणीतरी 'तू काप' म्हणायला हवं होतं." तिने कटर परत दिली. "तू काप. आणि सुरुवात जरा आतून कर, गोलाईला कडेपासून जायचं नसतं."

वहिनीने कापलं. दादाने पट्टी धरली, धाकट्याने दुसरं टोक. तीन बाजू सरळ गेल्या. गोलाईपाशी तिने जरा आतून सुरुवात केली. आवाज हिऱ्याचा नव्हता, पण एकसारखा होता. मग तिने रेघ टेबलाच्या कडेवर आणली, खालून टकटक केलं, आणि बाहेरचा तुकडा हलकेच सुटून तिच्या हातात आला.

कोणीतरी सुस्कारा सोडला.

"मला वाटलं, तुटावं," ताई म्हणाली. "आत्ता. एक क्षण वाटलं. सांगून टाकते."

"कळलं मला," वहिनी म्हणाली. "तुझा श्वास थांबला होता."

"अजून वाटतंय थोडं."

"मग उचल," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "आईचा नियम आहे. पाववाल्याकडे आत्ताच नेऊन ठेवा, दोघी जणी."

धाकट्याने शटर वर केलं. उजेड एकदम आत आला. दोघींनी हातमोजे चढवले आणि तावदान उभं केलं. वहिनी पुढे झाली, पाठमोरी, कारण गोलाईकडची बाजू जड होती आणि ती ताईला सांभाळता येत होती. पाठीमागे दार, दारापुढे रस्त्यावर उतरणाऱ्या दोन पायऱ्या, आणि काचेतून तिला फक्त ताईचं तोंड दिसत होतं. दादा बाजूला सरकला. त्याचा हात नकळत हनुवटीवर गेला, पण तो काही बोलला नाही. बोलायचं दुसऱ्या कोणीतरी होतं.

वहिनी एकेक पाऊल मागे टाकत उंबऱ्यापाशी पोचली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"पायरी," ताई म्हणाली.

वहिनीने पाय खाली टाकला.

"अजून एक."